राहणार वॉलर काउंटी

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सस राज्यातल्या हेम्पस्टेड गावी मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या विद्यार्थ्यापुढे आधी एक छापील प्रश्नावली यायची. कॉलेजात किती वर्षं आहेस? शिक्षण संपल्यावर काय करणार? या काउंटीत नोकरी आहे का? घर, जमीन, काही मालमत्ता? गाडीची नोंद इथली आहे का? टेलिफोन डिरेक्टरीत नाव आहे? कॉलेजशी संबंध नसलेल्या एखाद्या चर्चचा, क्लबचा सभासद आहेस का? कॉलेजला सुट्टी लागली की कुठे राहतोस? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे यातलं काय असणार! गाडी नाही, जमीन नाही, टेलिफोन वसतिगृहाचा. उत्तरं वाचून नाव नोंदवायचं की नाही हे ठरवायचे लिरॉय सिम, काउंटीचे करवसुली अधिकारी. नकारच बहुधा ठरलेला असे.

प्रश्नावली सगळ्यांसाठी नव्हती. सिम किंवा त्यांचे कारकून ज्याला ओळखत, त्याचं नाव कागदाशिवाय चढे. वॉलर काउंटीची तेव्हाची वस्ती जेमतेम चौदा हजार. वर्षानुवर्षं कर गोळा करणाऱ्या माणसाला तिथली घरं ओळखीचीच असणार. अनोळखी राहिले ते मुख्यतः सात मैलांवरच्या प्रेअरी व्ह्यू कॉलेजातले विद्यार्थी, आणि ते जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय.

करवसुली करणाऱ्याकडे मतदार यादी कशी आली, हे कळायला १९०२ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी टेक्ससने मतदानाला डोईपट्टी जोडली. वर्षाला दीड-पावणेदोन डॉलर भरायचे, पावती जपून ठेवायची, तीच मतदानाची परवानगी. दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाला दीड डॉलर ही सहज काढून देण्याजोगी रक्कम नव्हती. १९६४च्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतली आणि १९६६ मध्ये न्यायालयाने राज्याच्या निवडणुकांतली ही पट्टी संपवली. पण पावती फाडणारं टेबल आणि त्यामागचा माणूस होता तिथेच राहिला.

ह्यूस्टन शहरापासून वायव्येला साधारण पन्नास मैलांवर, ब्राझोस नदीच्या पूर्वेला ही काउंटी आहे. नदीकाठची जमीन काळी, कापसाची. १८२२ मध्ये, टेक्सस अजून मेक्सिकोत असताना, जॅरेड ग्रोस नावाचा जमीनदार अलाबामाहून इथे आला तो नव्वदेक गुलाम बरोबर घेऊनच. बर्नार्डो हा त्याचा मळा. टेक्ससमधल्या मोठ्या कापूसशेतीची सुरुवात इथूनच धरतात. १८३६च्या स्वातंत्र्ययुद्धात सॅम ह्यूस्टनच्या सैन्याने ग्रोसच्याच मळ्यापाशी नदीकाठी तळ दिला होता. ग्रोसच्या मुलाने पुढे लिएंडो नावाचा मळा उभारला, पांढऱ्या खांबांच्या लाकडी वाड्यासह. १८५८ मध्ये रेल्वे आली, हेम्पस्टेड वसलं, आणि कापूस बैलगाडीऐवजी वाघिणींतून ह्यूस्टनकडे जाऊ लागला.

१९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टन बंदरात गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला. त्याच उन्हाळ्यात जनरल कस्टरची फौज हेम्पस्टेडजवळ लिएंडोच्या आवारात येऊन राहिली. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्युरोची कचेरीही हेम्पस्टेडला उघडली. मजुरीचे करार, शाळा, मारहाणीच्या तक्रारी, सगळं त्या एका कचेरीत येत असे. नव्या कायद्याने कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं. या भागात त्यांची संख्या निम्म्याहून जास्त होती. त्यामुळे १८७३ मध्ये ऑस्टिन आणि ग्राइम्स या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून वॉलर काउंटी तयार झाली तेव्हा ती जन्मतःच रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाची, होती. नाव दिलं एडविन वॉलर यांचं. टेक्ससच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक आणि ऑस्टिन शहराचे पहिले महापौर.

त्याच १८७३ मध्ये लिएंडोचा वाडा एका जर्मन बाईने आणि तिच्या स्कॉटिश नवऱ्याने विकत घेतला. एलिझाबेट नाय ही शिल्पकार. तिने तत्त्वज्ञ शोपेनहाउअरला समोर बसवून त्याचा अर्धपुतळा घडवला होता, बिस्मार्कचा केला होता, बव्हेरियाच्या राजाचा पुतळा केला होता. नवरा एडमंड मॉन्टगोमेरी डॉक्टर आणि तत्त्वचिंतक. युरोपच्या राजवाड्यांतून उठून हे जोडपं कापसाच्या या मुलखात का आलं, यावर तर्क पुष्कळ आहेत. बाई लग्नानंतरही माहेरचं नाव लावायची आणि घोड्यावर पुरुषी बैठक मारायची. गावात कुजबुज व्हायची. शेतीत दोघांनी पैसा घालवला. पण कोणी त्यांना इथले नाहीत म्हणून अडवलं नाही. मॉन्टगोमेरी काउंटीच्या कारभारात पडला आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या कामातही त्याने लक्ष घातलं. टेक्ससच्या विधान भवनात आज उभे असलेले सॅम ह्यूस्टन आणि स्टीफन ऑस्टिन यांचे संगमरवरी पुतळे नायचेच. दोघांच्या कबरी लिएंडोलाच आहेत.

ते कॉलेज उभं राहिलं त्या जागेची कथाही ऐकण्यासारखी आहे. अल्टा व्हिस्टा हा जॅरेड कर्बी नावाच्या जमीनदाराचा मळा. १८६५ मध्ये हेम्पस्टेडला त्याचा खून झाला. त्याच्या विधवेने, हेलन मार कर्बीने, कर्ज आणि मुलं सांभाळत वाड्यात गोऱ्या मुलींसाठी निवासी शाळा चालवली. पुढे ती ऑस्टिनला गेली आणि टेक्सस विद्यापीठात मुलींची अधिष्ठाता झाली. मळा राज्य सरकारने घेतला. १८७६ची नवी राज्यघटना गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याचं बंधन घालत होती. केंद्राच्या मॉरिल कायद्याने मिळालेल्या जमिनीच्या पैशावर गोऱ्यांसाठी शेतकी आणि तांत्रिक कॉलेज उघडत होतं. मग कृष्णवर्णीयांसाठीही काहीतरी दाखवणं भाग होतं. १४ ऑगस्ट १८७६ रोजी कायदा झाला. ज्या शेतात गुलामांनी कापूस वेचला, तिथे त्यांच्या मुलांचं कॉलेज निघालं. आज ऐकायला हा काव्यगत न्याय वाटतो. सरकारच्या लेखी मात्र रिकामा पडलेला मळा स्वस्तात मिळाला, एवढाच हिशेब असावा.

११ मार्च १८७८ रोजी कॉलेज उघडलं तेव्हा विद्यार्थी आठ. प्राचार्य एल. डब्ल्यू. मायनर मिसिसिपीहून आणलेले. शिकवायची होती शेती. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या फटक्याखाली शेती केली, त्यांच्या पोरांनी पुन्हा शेतीच शिकायला फी का भरावी, हा प्रश्न राजधानी ऑस्टिनमध्ये कोणाला पडला नसावा. संस्था लगेच बंद पडायच्या बेतात आली. वाचली ती तिथे शिक्षक घडवायचे ठरल्यामुळे. १८७९ मध्ये तिला अध्यापक विद्यालयाचं रूप दिलं, मुलींनाही प्रवेश दिला. मग मात्र ओघ सुरू झाला. पुढली कित्येक दशकं टेक्ससच्या खेड्यापाड्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांत प्रेअरी व्ह्यूचे शिक्षक दिसू लागले.

संस्थेवरची सत्ता मात्र कॉलेज स्टेशन गावच्या, गोऱ्यांच्या त्या शेतकी कॉलेजच्या मंडळाकडे राहिली. आणि राजकारण थेट प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत पोचायचं. एडवर्ड ब्लॅकशिअर सुमारे वीस वर्षं प्राचार्य होते. १९१४च्या गव्हर्नरपदाच्या शर्यतीत त्यांनी दारूबंदीवाल्या उमेदवाराची बाजू घेतली. निवडून आला जेम्स फर्ग्युसन. त्याने सत्तेवर येताच ब्लॅकशिअर यांना काढायला लावलं. टेक्ससचा बहुतांश कृष्णवर्णीय समाज मतपेटीपासून तोडलेला असताना, त्यातल्या एका प्राचार्याला मात्र भलत्या बाजूने बोलल्याची शिक्षा झाली.

मतपेटीपासून तोडण्याचं हे काम कसं झालं, ते बघायला शेजारच्या ग्राइम्स काउंटीत डोकावावं लागेल. तिथे गोरे छोटे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार लोकपक्षाच्या झेंड्याखाली एकत्र आले होते, शेरीफ त्यांचा होता. १८९९ मध्ये ‘व्हाइट मॅन्स युनियन’ नावाची गुप्त शपथबद्ध संघटना उभी राहिली. कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचे खून पडले. १९००च्या निवडणुकीनंतर जखमी शेरीफ सैनिकांच्या बंदोबस्तात काउंटी सोडून गेला, तो परत आला नाही. पुढची अनेक वर्षं ग्राइम्समध्ये त्या संघटनेने ठरवलेलेच उमेदवार निवडून येत. वॉलरला इतकी रक्तरंजित लढाई लागली नाही. १९०२ची डोईपट्टी आणि पाठोपाठ डेमोक्रॅटिक पक्षाची फक्त गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक, एवढं पुरलं. दक्षिणेत तेव्हा प्राथमिक फेरी जिंकणाराच शेवटी जिंके. त्यामुळे नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानात कोणी मत दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. बहुसंख्य असलेला समाज काही वर्षांतच यादीतून जवळजवळ नाहीसा झाला.

गोऱ्यांचं आपापसातलं राजकारणही फार सोज्वळ नव्हतं. हेम्पस्टेडला सगळे ‘सिक्स-शूटर जंक्शन’ म्हणत, म्हणजे सहाबारी पिस्तुलांचं जंक्शन. २४ एप्रिल १९०५ रोजी काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत दारूबंदीवाल्यांची सभा भरली होती. बंदीचा कायदा पाळला जात नाही, तेव्हा गव्हर्नरांनी टेक्सस रेंजर्स हे राज्याचे सशस्त्र पोलीस पाठवावेत, असा अर्ज करायचा होता. बोलण्याचं भांडण झालं, भांडणाची गोळागोळी. अमेरिकी संसदेचे विद्यमान सदस्य जॉन पिंकनी, त्यांचा भाऊ आणि आणखी काही जण तिथेच ठार झाले. रेंजर्स हवेत, असा अर्ज करायला जमलेल्या सभेचा हा शेवट झाल्यावर रेंजर्स आलेच.

मधली चाळीस वर्षं काउंटीच्या राजकारणात सांगण्यासारखं थोडं आहे. हेम्पस्टेड कलिंगडांसाठी नावारूपाला आलं. हंगामात रेल्वेच्या वाघिणी भरभरून फळ बाहेर जाई. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी प्रेअरी व्ह्यू हे वेगळंच केंद्र बनलं. १९१५ मध्ये रॉबर्ट लॉइड स्मिथ यांनी तिथून कृषी विस्ताराचं काम सुरू केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्ससच्या विधिमंडळात बसलेले ते शेवटचे कृष्णवर्णीय सदस्य. त्यानंतर १९६६ पर्यंत त्या सभागृहाला दुसरा मिळाला नाही. विधिमंडळाचं दार बंद झालेला हा माणूस गावोगाव हिंडून बियाणं, कोंबड्या, डबाबंद भाज्या आणि कर्जमुक्ती यांवर बोलत राहिला. माझ्या मते त्याच्या त्या फिरतीइतकं टिकाऊ राजकारण त्या काळात त्या काउंटीत दुसऱ्या कोणी केलं नाही.

गोऱ्यांच्या प्राथमिक निवडणुकीला १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलं. फिर्याद होती ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांची. १९६५चा मतदान हक्क कायदा आला. प्रेअरी व्ह्यू गाव १९६९ मध्ये स्वतंत्र नगर झालं. मग १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती आली आणि मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं. एका फटक्यात काउंटीत काही हजार संभाव्य मतदार वाढले, तेही एकाच ठिकाणी, एकाच रंगाचे. सिम यांची प्रश्नावली पुढे आली ती इथे.

सिम यांची बाजू ऐकायची तर ती अगदीच पोकळ नव्हती. काउंटीचा कारभार चार आयुक्त आणि एक काउंटी जज मिळून चालवतात. त्यांच्या सभेला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात, पण ते न्यायालय नव्हे, आपल्या जिल्हा परिषदेसारखी यंत्रणा. रस्ते, तुरुंग, कर, मतदान केंद्रं, सगळं तिथेच ठरतं. चार वर्षांनी निघून जाणाऱ्यांनी जन्मभर इथे राहणाऱ्यांवरचा कर का ठरवावा, असा सवाल होता. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठी गावांत तो आजही ऐकू येतो. फक्त त्याची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. जनगणनेत हे विद्यार्थी वॉलर काउंटीतच मोजले जातात. मतदारसंघांच्या रेघा ओढताना त्यांची डोकी धरली जातात. लोकसंख्या म्हणून ते इथले. मतदार म्हणून मात्र परके. शिवाय नोकरीसाठी दोन वर्षांकरता आलेल्या इंजिनीअरला ‘पुढे काय करणार’ हे कोणी विचारत नव्हतं.

विद्यार्थी न्यायालयात गेले. १९७२ मध्ये हरले. दुसरा दावा १९७४ मध्ये अपील न्यायालयातही हरले. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, असं न्यायाधीशांचं मत पडलं. मग १९७६ मध्ये खुद्द अमेरिकेचं न्याय खातं उतरलं. टेक्सस राज्य, वॉलर काउंटी आणि सिम यांच्याविरुद्धचा हा खटला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालला. १९७८ मध्ये निकाल लागला: प्रेअरी व्ह्यूच्या विद्यार्थ्यांना परके गृहीत धरून वेगळी कसोटी लावणं हा सव्विसाव्या घटनादुरुस्तीचा भंग आहे. १५ जानेवारी १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवाद न ऐकताच तो निकाल कायम केला. न्यायमूर्ती रेनक्विस्ट आणि मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांची असहमती होती. सव्विसाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन विद्यार्थ्यांच्या मताचं रक्षण करणारा हा निकाल आज देशभरातले वकील दाखला म्हणून पुढे ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या किंवा ओहायोतल्या कॉलेजात मत नोंदवणाऱ्या मुलाला हेम्पस्टेडचं नावही ठाऊक नसतं.

निकालाने प्रश्नावली गेली. वृत्ती तशीच राहिली. फक्त पुढच्या वेळी हत्यार जरा बारीक झालं.

      

१९९२ मध्ये एकोणीस विद्यार्थ्यांवर बेकायदा मतदानाचे आरोप ठेवले गेले. न्याय खात्याने हरकत घेतल्यावर ते मागे घेतले. पण अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या घरी कोर्टाचा कागद जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढल्या निवडणुकीला किती जण घाबरून रांगेत उभेच राहिले नाहीत, याची नोंद कुठल्या रजिस्टरात असणार!

२००३च्या नोव्हेंबरात जिल्हा सरकारी वकील ऑलिव्हर किट्झमन यांनी काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. विद्यार्थी म्हणून इथे राहणं पुरेसं नाही. रहिवास खरा नसताना मत दिलं तर दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आणि दहा हजार डॉलरचा दंड होऊ शकतो, असा त्यात इशारा. सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांपूर्वी मिटवलेला विषय एका पत्राने पुन्हा उकरला. १५ जानेवारी २००४ रोजी, त्या निकालाला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्याच दिवशी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनी, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. पुढच्या महिन्यात राज्याचे महाअधिवक्ता ग्रेग ॲबट यांनी विद्यार्थ्यांचा रहिवास इतरांसारखाच ठरवावा लागेल, असं मत दिलं. ॲबट रिपब्लिकन, पुढे गव्हर्नर झालेले. त्यांच्यावर कोणी विद्यार्थिप्रेमाचा आळ घेणार नाही. किट्झमन यांनी तडजोडीत माफी मागितली.

पण त्याच वर्षीच्या प्राथमिक निवडणुकीत कॅम्पसजवळच्या मुदतपूर्व मतदानाचे तास सतरावरून सहावर आणले गेले होते. टेक्ससमध्ये ठरल्या दिवसाआधी दोन आठवडे मत देता येतं. वर्गात बसणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाला त्या दोन आठवड्यांचाच आधार. दावा दाखल झाल्यावर तास परत वाढले. इथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची होती. १९७५ पासून टेक्ससला निवडणुकीच्या व्यवस्थेतला बदल करण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यावी लागे. काउंटीने ती घेतली नव्हती, म्हणून तिला मागे यावं लागलं.

२००८च्या फेब्रुवारीत ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत टेक्ससमध्ये आली होती. कॉलेजचं आता विद्यापीठ झालं होतं, पण तिथे मतदानाचं केंद्र नव्हतं. मुदतपूर्व मतदान करायचं तर हेम्पस्टेडला जा, असं ठरलं. १९ तारखेला हजाराहून अधिक विद्यार्थी सुमारे सात मैल महामार्गाने चालत गेले. वाहतुकीला पोलीस लागले, टीव्हीवाले आले. हेम्पस्टेडच्या रांगेत दिवसभर तरुण पोरं उभी. सिम यांना जी पोरं इथली वाटत नव्हती, त्यांची मुलं शोभतील अशा वयाची ही पोरं होती. त्याच वर्षी मतदार नोंदणीचे अर्ज क्षुल्लक कारणांनी फेटाळल्याबद्दल न्याय खात्याशी काउंटीला करार करावा लागला. कॅम्पसवर मतदान केंद्र आलं ते २०१३ मध्ये. आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती आधी मंजुरी घ्यायची अट निकामी केली.

१० जुलै २०१५ रोजी विद्यापीठाच्या रस्त्यावर एका राज्य पोलिसाने सँड्रा ब्लँड या अठ्ठावीस वर्षांच्या बाईची गाडी लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून अडवली. त्या प्रेअरी व्ह्यूच्याच माजी विद्यार्थिनी, तिथेच नोकरी मिळाली म्हणून इलिनॉयहून परतलेल्या. वाद वाढला, अटक झाली. तीन दिवसांनी हेम्पस्टेडच्या काउंटी तुरुंगात त्यांचा मृतदेह सापडला. शवविच्छेदनात आत्महत्या म्हटलं गेलं. मृत्यूबद्दल कोणावर आरोप ठेवला गेला नाही. पोलिसावरचा खोटं सांगितल्याचा आरोप, त्याने पुन्हा ती नोकरी करू नये या अटीवर मागे घेतला गेला. २०१७ मध्ये टेक्ससने तुरुंगातल्या कैद्यांच्या देखरेखीबद्दल त्यांच्या नावाचा कायदा केला. प्रेअरी व्ह्यूच्या नगरपरिषदेने त्या रस्त्याला सँड्रा ब्लँड पार्कवे असं नाव दिलं. गावच्या हातात तेवढंच होतं, तुरुंग काउंटीचा.

२०१८ मध्ये वाद पत्त्यावर आला. वसतिगृहातल्या मुलांना स्वतःचा घरक्रमांक नसतो. विद्यापीठाचा एक सामायिक पत्ता लिहावा, असं पूर्वी ठरलेलं होतं. तो पत्ता भलत्याच मतदान विभागात पडतो, तेव्हा नव्याने अर्ज भरा, असं सांगण्यात आलं. राज्याच्या निवडणूक कचेरीने मध्ये पडून ते मिटवलं. मग वेळापत्रक लागलं. मुदतपूर्व मतदानाच्या पहिल्या आठवड्यात प्रेअरी व्ह्यूमध्ये एकही केंद्र नाही. हेम्पस्टेड आणि वॉलर गावांत मात्र दोन्ही आठवडे. विद्यार्थ्यांनी दावा लावला, काउंटीने गावच्या सभागृहात रविवारचे काही तास वाढवले. खटला जवळजवळ साडेतीन वर्षं चालला. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय न्यायाधीश चार्ल्स एस्क्रिज यांनी काउंटीच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थ्यांवर पडलेला भार घटनाबाह्य म्हणण्याइतका मोठा नाही आणि भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही, असा त्याचा आशय.

कायद्याच्या चौकटीत तो निकाल कदाचित बरोबरही असेल. वेळापत्रक प्रश्नावलीइतकं उघडं नसतं. केंद्र आज का नाही, याला नेहमी कर्मचाऱ्यांचं, यंत्रांचं, खर्चाचं कारण देता येतं आणि ते थोडंफार खरंही असतं. सिम यांनी आपला हेतू कागदावर छापून ठेवला होता; त्यांच्या वारसांनी ती चूक केली नाही.

या सगळ्यात काउंटी मात्र बदलून गेली. २०१०च्या जनगणनेत ४३,२०५ लोक होते, २०२०च्या जनगणनेत ५६,७९४. ह्यूस्टनची उपनगरं केटी गावाच्या बाजूने आत सरकली. वॉलर गावाजवळ डायकिन या जपानी कंपनीचा वातानुकूलन यंत्रांचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. नवी घरं घेणारे ह्यूस्टनला कामाला जातात, बँकेचं कर्ज डोक्यावर असतं, दर आला की विकून पुढे सरकतात. त्यांच्यातले बरेच रिपब्लिकन पक्षाला मत देतात. एकोणिसाव्या शतकात त्या पक्षाला इथे कृष्णवर्णीय मतदार निवडून देत. आता त्याचे मतदार बदलले आहेत. २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत काउंटीत ट्रम्प यांना साठ टक्क्यांहून अधिक मतं पडली. प्रेअरी व्ह्यूच्या केंद्रांवर कल नेमका उलटा असतो, पण आता त्याने काउंटीचा निकाल फिरत नाही. विद्यार्थी सगळी काउंटी घशात घालतील, या भीतीतला हिशेब उपनगरांनीच खोटा ठरवला. उरते ती आयुक्तांच्या चार जागांपैकी एक, तिच्या सीमारेषा, आणि दर निवडणुकीआधी कमिशनर्स कोर्टात येणारी मतदान केंद्रांची यादी. ती यादी मंजूर होते त्या सभेला प्रेअरी व्ह्यूची पाच-दहा मुलं हेम्पस्टेडला जाऊन मागच्या बाकांवर बसतात आणि पहिल्या आठवड्याचा रकाना आधी वाचतात.